राखून ठेवलेला समुद्र

बाईंच्या घरी मी चार वर्षं भाड्यानं राहिले, आणि त्या चार वर्षांत ताजं पाणी काही माझ्या नशिबी आलं नाही.

म्हणजे पाणी नव्हतं असं नव्हे. अंबडला तेव्हा नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, पण आला की बाईंच्या अंगणात भांड्यांची जत्रा भरायची. ड्रम, रांजण, हंडे, कळश्या, आणि त्यातूनही पाणी उरलंच तर पातेली आणि डबे. सगळं काठोकाठ भरलं की बाई प्रत्येकावर झाकण ठेवायच्या, झाकणावर दगड ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून फर्मान काढायच्या, "ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. आधी मागचं संपू द्या." मागचं संपायला आठवडा लागे. तोवर हेही मागचं होऊन जाई आणि नळ पुन्हा येई. दारात नुकतं आलेलं गार पाणी भरलेलं असताना आम्ही दोघी कायम गेल्या आठवड्याचं पाणी पीत बसलेल्या.

खोली बघायला आले तेव्हा माझ्यासोबत वडील होते. आम्ही टेंभुर्णीचे. वडिलांनी सारी उमर मेंढरांमागं काढलेली, कुठल्याही ओढ्याला ओंजळ लावणारा माणूस. बाईंनी दिलेला तांब्या त्यांनी तोंडाला लावला, जरा थांबले, पुन्हा लावला. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "बाई चांगली हाय. खोली घेऊन टाक. पाणी तेवढं म्हातारं हाय."

मी तेव्हा अंबडच्या कोर्टात नुकती लघुलेखक म्हणून लागले होते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं, कारण निम्म्या गावाच्या पाठीत त्यांनी कधी ना कधी धपाटा घातलेला होता. गाव त्यांना थोडं विक्षिप्तही म्हणायचं. माझ्या मते त्यांना फक्त एकच खोड होती, पण ती इतकी जबर होती की बाकीच्या खोडींना घरात जागाच उरली नव्हती. बाई चांगलं ते राखून ठेवायच्या.

त्यांच्याकडं पेपर रोज यायचा आणि रोज थप्पीच्या तळाशी जायचा. मागचे वाचून झाल्याशिवाय आजचा उघडायचा नाही. त्यामुळं बाई जगाच्या पाच-सहा दिवस मागं असत. निकाल लागून गल्लीत गुलाल उधळून झाला तरी बाई अजून प्रचारात असायच्या. ओट्यावर कुणी राजकारण काढलं की दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. "सांगू नका, सांगू नका. मी तिथवर आले न्हाई अजून." एकदा त्या मला म्हणाल्या, अमका निवडून येतो बघ बराबर. तो पडून चार दिवस झाले होते. मी कोर्टात काम करणारी, खरं बोलायची सवय असलेली बाई. पण मीही मान हलवली.

भावाच्या बागेतून मोसंबीचं पोतं यायचं. बाई त्यातली डाग पडलेली आधी खायला काढायच्या. चांगली उद्याला. उद्या त्या चांगल्यांतल्या काहींना डाग पडलेला असायचा, मग ती. पोतं संपेपर्यंत बाईंनी एकही धड मोसंबं खाल्लेलं नसे. कुणी दारात आलं तर मात्र त्याच्या हातावर पोत्यातलं सगळ्यात देखणं फळ. पोस्टमनसुद्धा आमच्यापेक्षा चांगली मोसंबी खाऊन गेला.

बुद्ध पौर्णिमेला खीर करायच्या. अशी खीर मी दुसरीकडं कुठं खाल्ली नाही, आणि त्यांच्याकडंही पहिल्या वर्षी खाल्ली नाही. कारण ताटात आधी भाजी-भाकरी, मग भात, आणि खीर शेवटाला. शेवट येईपर्यंत पोट भरलं. बाई म्हणाल्या, "राहू दे. सकाळी निवांत खाऊ." वैशाखाचा उन्हाळा, मराठवाडा. सकाळी खीर विरजली होती. दुसऱ्या वर्षी मी वंदना झाल्या झाल्या खिरीची वाटी उचलली आणि उभ्यानं खाल्ली. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भर कोर्टात शिट्टी वाजवली.

समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती होती आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर सरांचा फोटो. सर म्हणजे बाईंचे यजमान. तेही शिक्षक. बाईंच्या तोंडी ते शेवटपर्यंत सरच होते. लग्नाआधी एका शाळेत होते म्हणून पडलेलं नाव तसंच राहिलं. रिटायरमेंटला काही महिने उरलेले असताना सर गेले. मूलबाळ नव्हतं.

हे सर तरुणपणी विशाखापट्टणला गेले होते. आमच्याकडची रेल्वे पहिल्यापासून हैदराबादच्या बाजूला धावणारी, त्यामुळं जालन्याच्या पोराला नोकरी शोधायची झाली तर तीही बाजू होती. बंदरात कसलं तरी काम मिळालं. महिना-दोन महिने राहिले, तोवर इकडून शाळेची ऑर्डर आली आणि सर परत आले. पण येताना ते सगळं शहर डोक्यात घेऊन आले. ते त्याला जुन्या नावानं वाल्टेर म्हणायचे, म्हणून बाईही वाल्टेरच म्हणायच्या. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यातच सर त्यांना म्हणाले होते, "तुला मी समुद्र दाखवतो."

मग आधी धाकट्या दिराचं शिक्षण. मग नणंदेचं लग्न. मग घराचा स्लॅब. सर दर वेळी म्हणायचे, घाईनं दोन दिवसांसाठी कशाला जायचं, रिटायर झालो की चांगले महिनाभर राहू. बाईंना ते मनापासून पटायचं. राखून ठेवायची खोड आधी कुणाची होती आणि कुणाला लागली, ते मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो की बाई वाल्टेर सांगायच्या. न बघितलेलं शहर त्या इतकं खात्रीनं सांगायच्या की मीच कधी कधी विचारायचे, तो डोंगर रस्त्याच्या कोणत्या अंगाला? "डाव्या," बाई म्हणायच्या. "समुद्र उजव्या हाताला ठेवून चाललं की डाव्या. अन् वारा असा की पदर धरून ठेवू देत न्हाई. सर म्हणायचे, तिथं माणसं सकाळी नुसती चालायला म्हणून येतेत. काम न्हाई, धाम न्हाई, नुसती चालतेत." आणि खाणं! तिखट भात, केळीच्या पानावर तळलेला मासा, वाळूत बसून खायचे चुरमुरे. सरांनी सांगितलेली सगळी चव बाईंच्या तोंडात होती.

उन्हं कलली की आम्ही मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडं फिरायला जायचो. ही टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात. बाई देवळात जायच्या नाहीत, खालच्या पायऱ्यांवर बसायच्या. "देवीचं देवीपाशी. वारा सगळ्यांचा," म्हणायच्या. मग टेकडीकडं मान वर करून बघायच्या आणि हसायच्या. "बघ की पोरी, एवढा मोठा मासा आपल्या गावात येऊन पडलाय, अन् आपण समुद्र बघितला न्हाई."

मीही बघितला नव्हता. नोकरीत कायम झाले तेव्हा ठरवलं की बाईंना घेऊन जायचं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, उन्हाळा सरू दे. उन्हाळा सरला तर म्हणाल्या, पाऊसपाणी होऊ दे. पाऊस झाला तर भावाच्या बागेचा बहार आला. शेवटी मी न विचारता डिसेंबरची दोन तिकिटं काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी तिकिटं उलटीसुलटी करून बघितली. मग सरांच्या फोटोकडं बघितलं. त्या खूश झाल्या की घाबरल्या हे मला तेव्हा ओळखता आलं नाही. मग उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि एक जांभळी इरकल बाहेर काढली. घडी मोडलेली नव्हती. "ही समुद्राला," म्हणाल्या.

जालन्याहून सिकंदराबाद आणि तिथून पुढं विशाखापट्टण, असा प्रवास. बाईंनी सोबत पाण्याचे दोन कॅन घेतले. मी म्हटलं, स्टेशनवर पाणी मिळतं. "मिळंल ना. पण घरचं आधी संपाया नको?" त्यामुळं सिकंदराबादच्या प्लॅटफॉर्मवर, थंडगार बाटल्यांच्या ढिगाशेजारी उभ्या राहून आम्ही अंबडचं पाणी प्यायलो. मोसंबीही होतीच. डब्यातल्या लोकांना चांगली, आम्हाला डागी.

सकाळी स्टेशनबाहेर आलो तर बाईंनी म्हाताऱ्या रिक्षावाल्याला विचारलं, "भैय्या, ये वाल्टेरच है ना?" तो खूश होऊन म्हणाला, "हाँ अम्मा, वाल्टेर. अब कोई बोलता नहीं." बाईंनी माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं. पुढचे सगळे दिवस तोच रिक्षावाला आमचा झाला.

लॉज समुद्राच्या मागच्या गल्लीत होता. खोलीत समुद्राचा आवाज येत होता. मी बॅग टाकली आणि म्हटलं, "चला बाई, आधी पाय बुडवून येऊ." बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. दोन इमारतींच्या फटीतून निळ्या पाण्याची एक पट्टी दिसत होती. त्यांनी ती बघितली, खोल श्वास घेतला आणि पडदा ओढून घेतला.

"समुद्र कुठं पळून चाललाय? आधी बाकीचं उरकू."

मी कपाळाला हात लावला. पण बाईंचं ठरलं होतं. समुद्र शेवटच्या दिवशी, सकाळी, नवी साडी नेसून. पाण्यात पाय बुडवायचा तो समुद्र, नुसता लांबून दिसलेला त्या मोजणार नव्हत्या. तोवर शहर.

आणि शहर त्यांनी खरंच उरकलं. रोपवेनं डोंगरावर गेलो. प्राणिसंग्रहालय बघितलं. किनाऱ्यावर एक खरी पाणबुडी आणून ठेवली आहे, तिच्या पोटातून वाकून वाकून फिरलो. पाणबुडीतून बाहेर आलं की समोर समुद्रच, मधे थोडी वाळू. बाई तिथून पाठ करून रिक्षात येऊन बसल्या. रिक्षावाला मला खुणेनं विचारू लागला, अम्मांना पाण्याची भीती वाटते का. मी त्याला पुढं चल म्हणून खूण केली.

सकाळी समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि सारं शहर तिथं चालायला, पळायला, खेळायला येतं. सरांनी सांगितल्यासारखंच होतं, नुसती चालणारी माणसं. पोरं चाकांच्या बुटांवर, म्हातारे हात वर करून हसण्याचा व्यायाम करणारे, आणि कोरड्या वाळूत जाळी बांधून थ्रोबॉल खेळणाऱ्या बायका. एक बाई कमी होती. त्यांनी बाईंना हातानं बोलावलं. भाषा एक नाही, पण बाईंनी शाळेत तीस वर्षं मुलींना थ्रोबॉल शिकवलेला. त्यांनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. काय खेळल्या! त्या तेलुगू बायका ओरडून ओरडून टाळ्या वाजवत होत्या. मी बाईंना इतक्या मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात बॉल त्यांच्या हातून निसटला आणि घरंगळत पाण्याकडं गेला. बाई मागं धावल्या. ओली वाळू सुरू झाली तिथं करकचून थांबल्या. बॉल पुढं लाटेत वरखाली होत राहिला. शेवटी दुसरीच बाई साडी वर धरून गेली आणि घेऊन आली.

खाण्याचं सांगायचं तर बाईंनी रोज वेगळी जागा शोधली. हिरव्या मुगाचे डोसे, चिंचेचा भात, अंबाडीची चटणी, बंगाल्याच्या दुकानातला रसगुल्ला, इराणी चहा. सर कुठं जेवायचे ते कुणालाच सांगता येईना, म्हणून त्या सगळीकडंच जेवत होत्या. "ह्यातलं एखादं तरी सरांचं असंल," म्हणायच्या. तिखटाला मात्र नावं ठेवायच्या. "आपल्याकडच्या ठेच्यापुढं हे लेकरांचं खाणं हाय."

तिसऱ्या दुपारी एका खाणावळीत केळीचं पान आलं आणि पानावर तळलेला मासा. अख्खा, लाल, कडेनं कुरकुरीत. बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग नेहमीप्रमाणं तो पानाच्या वरच्या कोपऱ्यात सरकवला आणि आधी पप्पू-भात, म्हणजे तिकडचा वरण-भात, मग रस्सम-भात, मग ताक-भात. मी माझा मासा केव्हाच संपवला होता. आता फक्त मासा राहिला. बाई उठल्या, कारण पाणी हवं होतं आणि पाणी अजून अंबडचंच चालू होतं. कॅन दाराशी ठेवलेला. जाताना माशी बसू नये म्हणून त्यांनी अर्धं पान दुमडून माशावर झाकलं. आपल्याकडं झाकून ठेवलं याचा अर्थ अजून खायचंय. तिकडं पान दुमडलं याचा अर्थ जेवण झालं. मी हात धुवायला गेले होते. परत आलो तर वाढप्यानं पान उचलून टेबल पुसूनही टाकलं होतं.

बाई रिकाम्या टेबलाकडं बघत उभ्या राहिल्या. "गेला माझा मासा," म्हणाल्या. मी दुसरा मागवते म्हटलं. संपले होते.

मला हसूही आलं आणि रागही आला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, आता तरी शहाण्या व्हा. आजच समुद्रावर जाऊ. आत्ता."

"उद्या सकाळी. ठरलंय ना."

त्या दुपारी आम्ही शहराबाहेरच्या डोंगरावर गेलो. तिथं फार जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. विटांचे चौथरे, भिक्खूंच्या खोल्यांच्या ओळी, स्तूप. बाईंनी चप्पल काढली, स्तूपाला फेरी घातली आणि एका बाजूला बसून हळू आवाजात वंदना म्हटली. डोंगराच्या पायथ्यापासून आभाळापर्यंत समुद्र पसरला होता. आणि इकडं वर, खडकात, त्या भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला टाकी खोदलेली. बाई टाक्याच्या काठावर बसल्या, आत वाकून बघितलं. त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका.

"बघितलंस? समोर एवढा समुद्र हाय, तरी त्यांनीबी राखून ठेवलं."

"समुद्राचं पाणी पिता येत नाही, बाई."

"तेच की," बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं आपणच वादात हरलो.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती खिडकी आपटल्यानं. बाई आधीच उठून, न्हाऊन, जांभळी इरकल नेसून तयार बसल्या होत्या. केसात कुठून तरी आणलेलं अबोलीचं फूल. बाहेर वारा घोंघावत होता. खाली रिक्षावाला उभा होता, पण त्यानं रिक्षा सुरू केली नाही. "अम्मा, बीच बंद," तो म्हणाला. "तूफान का वार्निंग. पोलीस किसी को छोड़ता नहीं."

आम्ही चालत गेलो. रस्त्याला लोखंडी कठडे लावलेले, मधून दोरी ताणलेली. कालपर्यंत जिथं बायका थ्रोबॉल खेळत होत्या तिथं वाळूच दिसत नव्हती. पाणी भिंतीवर येऊन आदळत होतं आणि झाडाएवढं वर उडत होतं. मी पोलिसाच्या हातापाया पडायची बाकी ठेवली. म्हटलं, ही बाई हजार-अकराशे किलोमीटरवरून आली आहे, संध्याकाळी गाडी आहे, एक मिनिट फक्त. तो भला माणूस होता. म्हणाला, "मैडम, आप पानी देखो ना." आणि खरंच, पाणी बघितल्यावर पुढं बोलण्यासारखं काही नव्हतं.

मी मागं वळले. मला वाटलं, बाई रडत असतील. बाई दोरीला हात लावून उभ्या होत्या, पदर वाऱ्यावर सरळ रेषेत उडत होता आणि तो त्यांनी धरलाही नव्हता. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. परीक्षा पुढं ढकलल्यावर मुलांचा होतो तसा चेहरा होता.

मला भयंकर राग आला. इतके दिवस समोर समुद्र होता. रोज होता, शांत होता, फुकट होता. मी लॉजवर येऊन एक शब्द न बोलता बॅगा भरल्या. गाडीतही बोलले नाही. गाडी उशिरा सुटली, शहर मागं पडलं, बाहेर अंधारायला लागलं. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रागावलीस?"

"तुम्हाला वाईट कसं वाटत नाही, बाई? सारा जन्म त्याच्यासाठी काढला ना तुम्ही?"

"वाटतं ना." त्यांनी पदर सारखा केला. "पण खरं सांगू का पोरी? ती दोरी बघितली अन् मला हायसं वाटलं."

नीट ऐकू यावं म्हणून मी खिडकीची काच खाली ओढली.

"सर म्हणल्ते, मी दाखवतो. बाकी त्यांनी जे जे म्हणलं ते सगळं केलं. दिराला शिकवलं, बहिणीचं लग्न केलं, घर बांधलं. एवढं एकच त्यांचं राह्यलंय. मी जाऊन पाय टाकला असता, मंग सरांचं माझ्याकडं काय राह्यलं असतं? अजून दाखवायचं बाकी हाय, म्हणून मला कुठंतरी वाटतं की सर हायेत. संध्याकाळी ओट्यावर बसलं की वाटतं, येतील अन् म्हणतील, चल, ऊठ."

"मग आलात कशाला?"

"तू तिकिटं काढलीस की! अन् मला बघायचं होतं, सर बराबर सांगून राह्यल्ते का न्हाई. बिलकुल बराबर. डोंगर डाव्याच हाताला हाय." त्या हसल्या. मग एकदम त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "पण तू काहून पाण्यात गेली न्हाईस? मी तर तुला न्हाई म्हणलं नव्हतं."

"तुमच्याशिवाय कशी जाणार?"

बाईंचे डोळे भरून आले. पूर्ण प्रवासात तेवढेच. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मंग तुला मी दाखवते. पुढच्या खेपेला आपण दोघी. तवर तूबी जाऊ नको कुठं. मी दाखवते."

पुढं माझी जालन्याला बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. दर डिसेंबरला मी बाईंना फोन करायचे, यंदा जायचं का? बाई म्हणायच्या, यंदा गुडघा दुखून राह्यलाय, पुढच्या साली. किंवा, लेकरू जरा मोठं होऊ दे. मीही जोर केला नाही. आता मला माहीत होतं त्या काय राखून ठेवत होत्या.

मग एका सकाळी बाईंच्या भावाचा फोन आला. मी अंबडला गेले. अंगणात गर्दी होती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका वंदना म्हणत होत्या. सगळे रडत होते, मला रडू येईना. बाईंची भावजय म्हणाली, "केवढा जीव लावला तिनं तुला, अन् तुझ्या डोळ्याला टिपूस न्हाई." माझं मलाही नवल वाटत होतं. घरी आले, कामाला लागले. त्यानंतरही डिसेंबर आला की हात फोनकडं जायचा, विचारावं, यंदा जायचं का. नंबर मी अजून काढून टाकलेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्यानं विशाखापट्टणची तिकिटं काढली. मी आढेवेढे घेतले, पण नाही म्हणायला कारण सापडेना. सकाळी त्याच रस्त्यावर गेलो. माणसं चालत होती, पळत होती, वाळूत जाळी बांधलेली होती. समुद्र अगदी शांत होता. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी इथं बसते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला थांबणं हा प्रकार माहीत नाही. तिनं माझं बोट धरलं आणि सरळ ओढत नेलं. मला चप्पल काढायलाही सवड मिळाली नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं. कोमट होतं. मग ते मागं गेलं आणि पायाखालची वाळू सरकली.

मी तिथंच उभी राहून मोठमोठ्यानं रडले. लोक बघायला लागले. नवरा पँट भिजवत धावत आला. त्याला वाटलं, पायाला काही लागलं.

"काय झालं? काय झालं?"

"आमच्या बाई गेल्या," मी म्हटलं.

त्यानं मुलीला कडेवर उचललं. "अगं, त्याला तीन वर्षं झाली."

"न्हाई," मी म्हटलं. "आत्ता गेल्या."